कृषिधोरणविषयक संशोधन, कोकणातील

कृषिधोरणविषयक संशोधन, कोकणातील : शेतजमिनीची मालकी, कसणाऱ्याचे हक्क, सारा व खंड, पतपुरवठा, पिकांचे विपणन इ. बाबतींत शासनाने कोणता निर्णय घ्यावा, हे ठरविण्यासाठी केलेला वस्तुस्थितीचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे कृषिधोरणविषयक संशोधन होय. बियाणे, खते, रोग व कीड यांविषयीच्या संशोधनाशी त्याचा निकटचा संबंध असला, तरी त्याचे क्षेत्र वेगळे आहे. पीक कसे वाढते हा कृषिशास्त्राचा विषय. ते पीक कोणाच्या जमिनीत, कोणाच्या श्रमाने व कोणत्या अटींवर निघते आणि त्यातील कोणाच्या घरी किती जाते, हा धोरणविषयक संशोधकाचा विषय होय. कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यात, अशा अभ्यासाची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मागे जाते.

भौगोलिक पार्श्वभूमी : या अभ्यासाचे विषय कोकणच्या भूमीने ठरविले आहेत. शास्त्री नदीच्या मुखाशी, तिच्या दक्षिण तीरावर वसलेले जयगड हे रत्नागिरी तालुक्यातील गाव त्या भूमीचा नमुना म्हणून घेता येईल. वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, उतारावर वरकस जमीन, दोन टेकड्यांमधील चिंचोळ्या सखल भागात भाताची खाचरे, खाडीकाठी खाजण आणि घराभोवती माड, आंबा, फणस यांची लागवड, अशी ही रचना आहे. पाऊस विपुल असला, तरी पाणी जांभ्या दगडातून लवकर निघून जाते. त्यामुळे पावसाळा संपल्यावर बहुतेक जमीन कोरडी राहते. भाताखेरीज नाचणी व वरी ही वरकस जमिनीतील पिके असून ती काही वर्षांच्या अंतराने जमीन पड ठेवून घ्यावी लागत. अशा ठिकाणी एकरी उत्पन्नाची सरासरी फारशी बोलकी नसते. एकाच शेतकऱ्याच्या ताब्यात तीनचार प्रतींची जमीन असते व प्रत्येकीचा हिशेब निराळा असतो. जयगडचा किल्ला सोळाव्या शतकात विजापूरच्या अंमलात बांधला गेला, असे मानतात. तो १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि त्याबरोबरच या प्रदेशाच्या जमीनव्यवस्थेचा उलगडा करण्याची गरज नव्या राज्यकर्त्यांना भासू लागली.

खोतीची चौकशी : देशावर रयतेकडून थेट सारा घेण्याची पद्धत इंग्रजांनी रूढ केली, परंतु रत्नागिरी जिल्ह्यातील बहुसंख्य गावांत सरकार व कसणारा यांच्यामध्ये खोत उभा होता. खोत गावाचा सारा सरकारात भरी आणि कुळांकडून धान्यरूपाने खंड वसूल करी. उभ्या पिकाचा अंदाज करण्याच्या पद्धतीस ‘अभावणी’ म्हणत. खंड उत्पन्नाच्या निम्मा असल्यास ते कूळ ‘अर्धेली’, एक तृतीयांश असल्यास ‘तिर्धेली’. याखेरीज अनेक गावांत कुळांकडून वेठही घेतली जाई. त्याच गावांत ठराविक धारा भरणारे धारेकरीही असत व त्यांचे हक्क कुळांपेक्षा भक्कम होते.

खोत हा जमिनीचा मालक की केवळ साऱ्याचा वंशपरंपरागत मक्तेदार, हा या चौकशीतील मूळ प्रश्न होता. त्याचे उत्तर सनदा, जुने हिशेब, गावची वहिवाट व साक्षी यांवरूनच शोधावे लागणार होते. कॅप्टन जॉर्ज विंगेट यांनी १८५१ मध्ये खोतीविषयी सरकारला अहवाल सादर केला. दख्खनच्या मोजणीत नावाजलेल्या या अधिकाऱ्याला कोकणात निराळ्याच परिस्थितीस तोंड द्यावे लागले. कारण येथे जमिनीची प्रतवारी लावून काम भागत नव्हते, माणसामाणसांतील देणे-घेणेही नोंदवावे लागत होते. १८६५ च्या मोजणी कायद्यानंतर जिल्ह्यात जमाबंदी सुरू झाली, तेव्हा खोतांनी तीव्र विरोध केला. खोतांची बाजू समर्थपणे मांडणाऱ्यांत रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक (१८३३–८९) हे प्रमुख होते. दीर्घ वादानंतर १८८० चा खोती जमाबंदी कायदा झाला. त्याने खोताचे स्थान मान्य केले. पण त्याबरोबरच धारेकरी, निमधारेकरी, दखीलकार कुळे व साधी कुळे असे वर्ग ठरवून दिले. दखीलकार कुळाचा खंड करार नसल्यास भाताच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून व वरकस पिकांच्या एक तृतीयांशाहून अधिक असू नये, असे बंधन घातले.

मोजणी अधिकाऱ्यांनी गावोगाव चौकशी करून कुळांचे हक्क व देणी ज्या पत्रकांत नोंदविली, त्यांस ‘बोटखत’ म्हणत. पुढील अनेक दशके न्यायालयांतील दाव्यांत बोटखत हा पुरावा म्हणून पुढे येत राहिला. ज्याची वहिवाट चौकशीच्या वेळी नोंदली गेली, त्याच्या वंशजांना कायद्याचा आधार मिळाला. ज्याची राहून गेली, ते साधे कूळ ठरले. निरक्षर कुळाची साक्ष आणि खोताचे कागद यांची तुलना बरोबरीने होणे कठीण होते. चौकशीतील नोंद हीच पुढे हक्काचा पाया बनते, हा कृषिधोरणविषयक संशोधनातील कळीचा मुद्दा खोतीच्या इतिहासात असा स्पष्टपणे दिसून येतो.

ग्राम-सर्वेक्षणांचा काळ : महसुली चौकशीचा हेतू मुख्यतः सारा निश्चित करणे हा होता. शेतकऱ्याच्या सबंध संसाराचा जमाखर्च पाहण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आली. पुणे येथील कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या पुण्याजवळील गावाची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९२१ मध्ये ना. वि. कानिटकर यांच्या साहाय्याने जातेगाव बुद्रुकची दुसरी पाहणी पुढे आली. पिंपळे सौदागर येथे १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आल्याचे मॅन यांनी दाखविले. घरोघर जाऊन जमीन, कर्ज, मजुरी व खर्च यांची माहिती घेण्याची ही रीत पुढील संशोधकांना आदर्शवत ठरली. वि. गो. रानडे यांनी कोकणातील एका गावाची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, ती १९२७ मध्ये प्रसिद्ध झाली.

याच सुमारास धारणांच्या आकाराविषयीचा वादही सुरू झाला. डॉ. भीमराव आंबेडकर यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे होय. १९१८ मध्ये लहान धारणांवरील आपल्या निबंधात त्यांनी असे प्रतिपादन केले, की धारणा लहान आहे की मोठी हे केवळ तिच्या क्षेत्रावरून ठरत नाही, तर श्रम व भांडवल यांच्याशी असलेल्या तिच्या प्रमाणावरून ठरते. जमिनीवरील माणसांचा अतिरिक्त भार उद्योगधंद्यांकडे वळविणे हा त्यांनी सुचविलेला उपाय होता. कोकणातील कुटुंबांनी हा मार्ग गरजेपोटी आधीच धरला होता. मुंबईच्या गिरण्यांतून व गोदीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर गावचा सारा, खंड व सणवार भागत. त्यामुळे कोकणातील शेतीचा जमाखर्च गावाच्या शिवेपाशी थांबवता येत नाही, हे अभ्यासकांना ध्यानात घ्यावे लागले.

खोतीचा शेवट : १९३३ पासून कुलाबा जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमीन न कसण्याचा दीर्घ संप केला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत निघाला. हे विधेयक संमत झाले नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा यांनी खोतीची दीर्घकालीन पद्धत संपुष्टात आणली. कूळकायद्याच्या १९५६ च्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ मानून त्या दिवशी कुळे जमिनीची मालक झाल्याचे समजण्यात आले.

संशोधन-संस्था : पुणे येथील गोखले अर्थशास्त्र संस्था रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने १९३० मध्ये स्थापन केली. तिचे पहिले संचालक धनंजय रामचंद्र गाडगीळ (१९०१–७१) यांनी शेतीव्यवसायाच्या क्षेत्रीय पाहणीस शास्त्रीय बैठक दिली. १९५४ मध्ये केंद्र सरकारच्या साहाय्याने तेथे कृषि-आर्थिक संशोधन केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या अहवालात शेतकऱ्यांच्या एकूण कर्जांपैकी सहकारी संस्थांचा वाटा केवळ ३·१ टक्के असल्याचे दिसून आले. सहकारी पतपुरवठ्याचे पुढील धोरण याच निष्कर्षावर उभे राहिले.

कायदा झाला म्हणजे काम झाले, या समजुतीस वि. म. दांडेकर (१९२०–९५) व गो. ज. खुदानपूर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीने धक्का दिला. १९४८ च्या कूळकायद्याच्या अंमलबजावणीची ही तपासणी होती. कुळांनी जमिनी ‘स्वखुशीने’ सोडल्याच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर आढळल्या. खंडाचे कमाल दर कायद्यात असूनही पिकातील वाट्याची जुनी पद्धत चालू राहिली होती. दप्तरातील नोंद आणि शेतातील वस्तुस्थिती यांतील हे अंतर उघड झाले नसते, तर कायदा यशस्वी झाल्याचे दप्तरावरूनच सिद्ध करता आले असते.

दापोली येथे १८ मे १९७२ रोजी कोकण कृषि विद्यापीठ स्थापन झाले. पुढे त्यास डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्र या विद्यापीठाच्या अखत्यारीत आले आणि तेथून आंब्याच्या ‘रत्ना’ व ‘सिंधु’ या संकरित जाती पुढे आल्या. विद्यापीठातील कृषि-अर्थशास्त्राच्या अभ्यासामुळे फळबागांचा उत्पादनखर्च, आंबा-काजूचे विपणन आणि मजुरांची टंचाई हे विषय धोरणाच्या कक्षेत आले. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीस अनुदान मिळू लागले आणि कोकणातील वरकस व पड जमिनींवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये कोकणच्या हापूस आंब्यास भौगोलिक निर्देशांक मिळाला.

कार्यपद्धती व अडचणी : कोकणात काम करणाऱ्या संशोधकास प्रथम सातबाराचा उतारा व प्रत्यक्ष वहिवाट यांचा मेळ घालावा लागतो. एकाच गटात अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात व त्यांतील कित्येक मुंबईत राहतात. जमीन मात्र तिसराच कसतो. धान्याचे माप पायली, मण व खंडी यांत सांगितले जाई आणि खंडीचे प्रमाण ठिकठिकाणी बदलत असे. घरच्या माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, श्रमाची किंमत कोणत्या दराने धरावी, यावर शेती नफ्यात की तोट्यात हा निष्कर्ष अवलंबून असतो. आंब्याच्या बाबतीत बाग फुलोऱ्यावर किंवा अनेक वर्षांच्या कराराने दिली जाते आणि आडत्याकडून आगाऊ उचल घेतलेली असते. म्हणून बाजारातील पेटीचा भाव हा बागायतदाराचा भाव असतोच असे नाही. कर्ज व कूळवहिवाट यांविषयीचे उत्तर, विचारणारा कोण आहे हे पाहून दिले जाते. म्हणून पाहणीची प्रश्नावली निर्दोष असली, तरी तेवढ्याने भागत नाही. गावात पुन्हा पुन्हा जावे लागते.

जयगडचा अलीकडील प्रश्न : जयगड येथे २००९ पासून नवे व्यापारी बंदर सुरू झाले व २०१०–११ मध्ये कोळशावर चालणारा १,२०० मेगावॉट क्षमतेचा औष्णिक विद्युत् प्रकल्प कार्यान्वित झाला. प्रकल्पातील वायू व राख यांमुळे हापूसच्या बागांची हानी होईल, अशी भीती बागायतदारांनी व्यक्त केली आणि हा वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. आंब्यावरील परिणामांच्या अभ्यासाचे काम दापोलीच्या कृषि विद्यापीठाकडे सोपविण्यात आले.

असा अभ्यास अवघड असतो. हापूस एका वर्षी भरपूर फळतो व दुसऱ्या वर्षी विश्रांती घेतो. अवकाळी पाऊस, उशिरापर्यंत टिकणारी थंडी, तुडतुडे व फुलकिडे यांमुळेही मोहोर गळतो. उत्पन्न घटले तर ते कशाने, हे सांगण्यासाठी प्रकल्पापूर्वीच्या अनेक वर्षांची बागनिहाय आकडेवारी हाताशी असावी लागते आणि प्रकल्पापासून दूरच्या बागांशी तुलना करावी लागते. पूर्वीची नोंद नसल्यास बागायतदाराचा अनुभव केवळ तक्रार ठरतो आणि हानी झाली नाही हे म्हणणेही सिद्ध होत नाही. बोटखताच्या काळी कुळाची जी अडचण होती, तिच्याशी या अडचणीचे साम्य आहे.

मूल्यमापन : या सुमारे पावणेदोनशे वर्षांच्या काळात चौकशीचा हेतू बदलत गेला. प्रारंभी तो सरकारी साऱ्याची निश्चिती हा होता; नंतर शेतकऱ्याचे दारिद्र्य समजून घेणे, पुढे कायद्याच्या अंमलबजावणीची तपासणी आणि अलीकडे शेती व उद्योग यांच्या संघर्षात पुरावा पुरविणे, असे त्याचे टप्पे दिसतात. संशोधनाने प्रत्येक वेळी धोरण बदलले असे नाही. खोतीचे स्वरूप १८५१ मध्येच सरकारपुढे आले असताना ती नष्ट होण्यास आणखी सुमारे शंभर वर्षे लागली व त्यासाठी संप, मोर्चे आणि विधिमंडळातील प्रयत्न आवश्यक ठरले. तथापि बदलाची वेळ आली, तेव्हा कोणत्या गावात कोण काय कसतो व काय देतो, याची जी नोंद उपलब्ध होती, तीवरच कुळांच्या हक्कांची अंमलबजावणी होऊ शकली. कोकणातील शेतीविषयक धोरणाची विश्वासार्हता यापुढेही अशा सातत्याने ठेवलेल्या व कसणाऱ्याची बाजू न गाळणाऱ्या नोंदींवर अवलंबून राहील.