नौकावाहू ट्रेलरचे द्रवीय गतिरोधक
लहान नौका रस्त्याने नेऊन उतारावरून पाण्यात सोडण्यासाठी मोटारगाडीमागे जो ट्रेलर जोडतात, त्याच्या चाकांना बसविलेले ब्रेक. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्काल (१६२३–६२) यांचा सिद्धांत त्यांच्या मुळाशी आहे. मात्र मोटारगाडीत त्याचा उपयोग होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. माल्कम लॉकहीड या अमेरिकन संशोधकाने १९१७ मध्ये अशा गतिरोधकाचे एकस्व मिळविले व १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीच्या चारही चाकांना तो बसला. चामडी कपांतून द्रव गळे, हा त्याचा मोठा दोष. वॉल्टर क्रायस्लर यांच्या अभियंत्यांनी रबरी कप वापरून १९२४ च्या गाडीत तो दूर केला. फोर्ड कंपनीने मात्र १९३९ च्या नमुन्यांपर्यंत यांत्रिक गतिरोधकच चालविले.

ट्रेलरमध्ये चालकाच्या पायाचे काम जडत्व करते. पुढील गाडी मंदावली की मागचा ट्रेलर तिच्यावर रेटतो. त्या रेट्याने जोडणीतील सरकता भाग मागे जाऊन प्रमुख सिलिंडरातील दट्ट्या दाबतो. यात विजेची गरज नसल्याने पाण्यात बुडणाऱ्या चाकांना ही योजना विशेष सोयीची ठरली. गाडी मागे घेतानाही रेटा पडून चाके अडतात, ही तिची उणीव. त्यासाठी वेगळी झडप किंवा अटकाव लागतो.

खरा शत्रू खारे पाणी होय. चाकाच्या सिलिंडरात गंज धरला की दट्ट्या अडकतो. मग एक चाक सतत घासून तापते आणि दुसरे मुळीच धरत नाही. दोष बाहेरून दिसत नसल्याने तो बहुधा घाटउतारावरच उघड होतो. म्हणून प्रत्येक बुडीनंतर गोड्या पाण्याने ढोल धुतात. प्रवासात तापलेले तुंबे लगेच बुडविल्यास आतील हवा आकसून पाणी ग्रीजमध्ये ओढले जाते, तेव्हा ते आधी निवू देतात.

ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतील ओलावा शोषतो. डॉट ३ प्रतीच्या कोरड्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५° से. असावा लागतो, सु. ३·७% पाणी मिसळल्यावर ही किमान मर्यादा १४०° से. इतकी खाली येते. द्रव उकळून वाफ झाली की ती दाबली जाते आणि दाब चाकापर्यंत पोहोचत नाही. नळीत शिरलेल्या हवेचाही परिणाम हाच. ती काढताना एकाने जोडणीतील दट्ट्या दाबून धरावयाचा व दुसऱ्याने चाकाजवळची बोंडी सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत द्रव सोडावयाचा असतो. दट्ट्या सोडण्यापूर्वी बोंडी बंद न केल्यास हवा पुन्हा आत जाते.