पाइनचे मूळ आणि बुरशी: संपादकाची तळटीप

* ‘बुरशीला मुळात प्रवेश मिळतो’: हा प्रवेश पेशींच्या आत नव्हे, पेशींच्या मधल्या फटींत असतो. लॅकेरिया बायकलरसारख्या बुरशीचे तंतू पाइनच्या बारीक मुळाभोवती आवरण धरतात आणि मध्यत्वचेच्या पेशींच्या मधल्या जागेत जाळे पसरतात. त्याला ‘हार्टिगचे जाळे’ म्हणतात. येथेच देवघेव होते: झाडाकडून शर्करा, बुरशीकडून नायट्रोजन व फॉस्फरस. ए. बी. फ्रांक यांनी १८८५ मध्ये या जोडीला ‘मायकोऱ्हायझा’ हे नाव दिले.

लेखकाने म्हटलेली ‘जनुकांची हालचाल’ म्हणजे जनुकांत बदल नव्हे. जनुके तीच राहतात. कोणत्या जनुकाच्या आरएनए प्रती केव्हा आणि किती तयार होतात, ते बदलते. स्कॉट्स पाइन व लॅकेरिया यांच्या जोडीत संपर्काच्या सुरुवातीला मुळातील संरक्षणाशी संबंधित जनुकांचे काम वाढते, जोडी स्थिरावू लागली की ते उतरते. पेशीभित्तिका घडवणाऱ्या जनुकांच्या कामातही फेरफार होतो.

मुळाचा हा संरक्षक प्रतिकार बुरशी कसा शमवते, याचे सर्वाधिक तपशीलवार उदाहरण मात्र पॉप्लरचे आहे. लॅकेरियाचे एमआयएसएसपी-७ हे छोटे प्रथिन पॉप्लरच्या मूळपेशीच्या केंद्रकात शिरून जॅस्मोनिक आम्लाची संरक्षक यंत्रणा दाबते. पॉप्लर सूचिपर्णी नसल्याने हा निष्कर्ष जसाच्या तसा पाइनला लावू नये. — संपा.