गिरणगावातील रात्रशाळा आणि कामाचे तास

प्रौढ साक्षरतेचा इतिहास बहुधा मोहिमांच्या आणि पटसंख्येच्या आधारे लिहिला जातो. परळ-लालबागच्या गिरणी वस्तीचा विचार करताना ही पद्धत अपुरी पडते. येथील कामगार पाटी हाती घेईल की नाही, हे शिक्षकाच्या तळमळीइतकेच गिरणीच्या भोंग्यावर अवलंबून होते. प्रस्तुत लेखात या संबंधाचा विचार करावयाचा आहे.

अक्षरओळखीची गरज कामगाराला पटवून द्यावी लागत नसे. कोकणातून वा घाटावरून एकटा आलेला माणूस मनीऑर्डर आणि खानावळीचा हिशेब यांसाठी परक्याच्या तोंडाकडे पाही. बायकोचे पत्र शेजाऱ्याकडून वाचून घेण्यातील संकोच कोणत्याही अहवालात सापडत नाही. पण तो वर्गात येण्यास पुरेसा होता.

गिरगावात १८४९ मध्येच जगन्नाथ शंकरशेट यांच्या आश्रयाने मुलींची मराठी शाळा सुरू झाली होती. १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. गिरगाव-दादरच्या लेखनिक वर्गाजवळ संध्याकाळ होती; परळच्या कामगाराजवळ ती नव्हती. १९११ मध्ये नारायण मल्हार जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये आणि फिरती ग्रंथालये चालविण्यास आरंभ केला. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने कापड गिरणीतील पुरुषांच्या कामाची मर्यादा ठरविली, ती दिवसाला बारा तासांची! येणे-जाणे आणि जेवण यांचा वेळ वजा जाता अभ्यासाला काय उरत असेल, याचा हिशेब अवघड नाही.

१९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशीच उपस्थित होते. तेथील करारात भारतासाठी आठवड्याला साठ तासांची मर्यादा मान्य झाली. १९२२ च्या कायद्याने ती अमलात आली, तर १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ती चोपन्न तासांवर आणि १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस तासांवर आली. जोशी यांच्या चरित्रात समाजसेवा आणि कामगार चळवळ अशी दोन प्रकरणे पाडण्याची रूढी आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ते एकच कार्य होते. १९२२ च्या कायद्याने गिरणीत घ्यावयाच्या मुलाचे किमान वय नवावरून बारा केले, ही तरतूदही साक्षरतेच्या इतिहासात मोजली पाहिजे. कारण नवव्या वर्षी साच्यावर गेलेले मूलच पुढे निरक्षर प्रौढ म्हणून मोहिमेच्या यादीत येत असे.

१९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाच्या काळात मुंबईत साक्षरतेची मोठी मोहीम झाली. तथापि, पुढे महायुद्धाच्या काळात रात्रपाळी रुळली. तास कमी झाले, पण पाळी बदलू लागली. आणि आज दिवसपाळी तर काही दिवसांनी रात्रपाळी अशा माणसाला ठरावीक वेळेचा वर्ग साधत नाही. स्त्री कामगारांना रात्रपाळी कायद्यानेच वर्ज्य होती. त्यांची अडचण निराळी होती. गिरणी सुटली की चूल पेटत असे. वर्गाची वेळ नेमकी स्वयंपाकाची, ही गोष्ट योजना आखणाऱ्या पुरुषांच्या ध्यानी क्वचितच आलेली दिसते.

परळच्या वस्तीत वाढलेले कवी नारायण सुर्वे शाळेत शिपायाचे काम करीत सातवीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढे महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. या उदाहरणाचा गौरव सर्वत्र होतो, तो योग्यच आहे. मात्र असामान्य माणसाच्या जिद्दीवरून व्यवस्थेचे मूल्यमापन करू नये.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि पुढील काळात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कामगाराच्या हाती प्रथमच मोकळा वेळ आला, पण तो बेकारीचा होता. रात्रशाळा मात्र उरल्या. २०१७ मध्ये दिवसाच्या शाळेत नोकरी असलेल्या शिक्षकांना त्यांतून कमी करण्याचा शासन निर्णय झाला, तेव्हा त्यांची चर्चा पुन्हा वृत्तपत्रांत आली. ती बव्हंशी शिक्षकांच्या नेमणुकांविषयीच होती. आता या वर्गांत दुकानांत आणि कार्यालयांत राबणारी मुले बसतात. मालक त्यांना सहा वाजता सोडतो की आठ वाजता, याची नोंद हजेरीपटावर होत नाही.