एका जिवाचे तीस महिने



वरळीच्या जांबोरी मैदानाभोवतीच्या बीडीडी चाळी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिल्या असतील. काहींचे बालपण तेथेच गेले असेल. १९२० साली, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते निघाले आणि त्याच्याच आद्याक्षरांनी या चाळी ओळखल्या जाऊ लागल्या. वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाईल रोडवर ३२ आणि शिवडीस १२, अशा एकंदर २०७ चाळी. चाळीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्या जागेत एक संसार, आणि पुष्कळदा त्या संसाराच्या जोडीला गावाकडून आलेले दोन-चार गडी.

भोंगा वाजला की या खोल्यांतून माणसे गिरण्यांकडे निघत. गिरणीत पट्टे फिरत, चक्रे फिरत, आणि ज्याच्या सदऱ्याचे टोक पट्ट्यात सापडले त्याला सावरायला वेळ मिळत नसे. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी धडधाकट परत येईलच, याची हमी कोणी देत नव्हते. तो परत आला नाही, किंवा हात गमावून आला, तर कायदा त्याच्या माणसांना काय म्हणत असे, एवढाच प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत. प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र सहजासहजी मिळालेले नाही.

आपला या बाबतीतला कायदा इंग्लंडहून आला, म्हणून आरंभ तिथूनच केला पाहिजे. १८०८ साली लंडनच्या एका न्यायालयात बेकर नावाच्या गृहस्थाचा दावा चालला. तो आणि त्याची बायको घोडागाडीतून जात असता गाडी उलटली आणि महिन्याभराने बायको वारली. न्यायमूर्ती लॉर्ड एलेनबरो यांनी निकाल दिला तो असा: बायको जिवंत असेपर्यंत नवऱ्याचे जे नुकसान झाले ते भरून मिळेल, तिच्या मरणाबद्दल मात्र दिवाणी न्यायालयात काही मागता येणार नाही. याचा व्यवहारी अर्थ विलक्षण होता. गाडीवानाने एखाद्याचा पाय मोडला तर त्याला पैसे भरावे लागत. जीव घेतला तर भरपाईतून तो सुटे. जखमेपेक्षा मरण स्वस्त होते!

आगगाड्या आल्या आणि अपघातांची संख्या वाढली, तेव्हा हा न्याय टिकेना. १८४६ साली लॉर्ड कॅम्पबेल यांच्या खटपटीने पार्लमेंटने मृताच्या कुटुंबाला दाव्याचा हक्क दिला. तोच कायदा थोड्या फरकाने १८५५ साली हिंदुस्थानात आला. साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती १८५३ साली. कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली ती १८५४ साली. आगगाडी, गिरणी आणि अपघाती मृत्यूचा कायदा ही तिन्ही भावंडे दोन वर्षांत आपल्याकडे अवतरली.

परंतु या धाकट्या भावंडाची थोरल्यांपुढे फारशी मात्रा चालली नाही. दावा नवरा-बायको, आईबाप आणि मुले यांच्यासाठी होता. ज्या थोरल्या भावाच्या पगारावर धाकटा भाऊ शिकत असे, त्या धाकट्याला कायद्याच्या लेखी नातेच नव्हते. शिवाय मालकाची चूक किंवा हयगय सिद्ध करावी लागे. ती कशी करणार? पाहणारे सगळे त्याच खात्यातले, आणि त्यांची नोकरी जॉबरच्या मर्जीवर. त्यातूनही कोणी धीर केला, तर मालकाच्या वकिलाकडे तीन ढाली तयार असत. पहिली, अपघात सोबतच्या कामगाराच्या चुकीने झाला. १८३७ साली एका खाटकाच्या नोकराची मांडी मोडली त्या इंग्रजी खटल्यापासून ही ढाल चालत आली होती. दुसरी, काम धोक्याचे आहे हे ठाऊक असूनच त्याने ते पत्करले. तिसरी, त्याची स्वतःचीही थोडी चूक होती. तीन ढालींना पुरून उरेल अशी विधवा शंभरांत एखादी.

येथे नारायण मल्हार जोशी यांचे नाव घेतले पाहिजे. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा हा मनुष्य. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. १९१९ साली वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या वतीने बोलू लागले. जर्मनीत १८८४ सालीच कामगारांचा अपघात विमा सुरू झाला होता आणि इंग्लंडने १८९७ साली भरपाईचा कायदा केला होता. आपल्याकडे तो कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणून १९२३ साली संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. वरळीच्या चाळी उठत होत्या त्याच सुमारास हेही काम झाले. पुढे डिलाईल रोडला जोशींचेच नाव मिळाले. तिथल्या ३२ बीडीडी चाळींच्या पत्त्यावर आज ते लिहिले जाते.

या कायद्याने प्रश्नच बदलला. चूक कोणाची, हे विचारायचे सोडून त्याने विचारले: इजा कामातून आणि काम चालू असताना झाली काय? झाली असेल तर मालकाने भरपाई द्यावयाची. त्यासाठी स्वतंत्र आयुक्त नेमले. मृत्यूची रक्कम मालकाने परस्पर विधवेच्या हातावर टेकवून अंगठा घ्यायचा नाही. ती आयुक्तांकडे भरायची आणि त्यांनी आश्रितांत वाटायची. हक्क सोडल्याचा करार कामगाराकडून लिहून घेतला, तरी तो रद्दबातल. माणूस ठेकेदाराचा असला तरी, ज्याच्या धंद्याचे काम चालले होते त्या मूळ मालकाची जबाबदारी सुटत नसे. अज्ञान भाऊ आणि अविवाहित बहीण यांनाही आश्रितांच्या यादीत जागा मिळाली. दानाचा हक्क झाला, हे या कायद्याचे खरे मोल.

आता हिशेब पाहू. मृत्यू आल्यास तीस महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांपैकी कमी असेल ते. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांपैकी कमी असेल ते. अंथरुणाला खिळलेल्याला मृतापेक्षा अधिक का? कारण तोही जेवणार. घरात मिळवणारा एक कमी झाला, पण खाणारा कमी झाला नाही. समजा, पगार तीस रुपये. मेला तर ९०० रुपये. कायमचा पडून राहिला तर १,२६० रुपये. अवयवांचा तक्ता वेगळा होता: उजवा हात कोपरापासून गेला तर शेकडा ७०, डावा गेला तर ६०, एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, दुसरे कोणतेही बोट ५. म्हणजे आमच्या या कामगाराचे एक बोट त्रेसष्ट रुपयांचे. तुटलेला धागा ज्या बोटांनी जोडायचा, त्यांची किंमत ठरवताना त्या माणसाचा धंदा कोणता हे तक्ता विचारीत नव्हता. आणि वयात न आलेले कामकरी पोर मेले, तर एकठोक २०० रुपये.

तीस महिने म्हणजे अडीच वर्षे. बाप गेला तेव्हा मूल दोन वर्षांचे असेल, तर पैसे संपतील तेव्हा ते साडेचारांचे. अजून बिगारीतही बसलेले नाही. पुढचे काय, याचे उत्तर तक्त्यात नव्हते. शिवाय पुष्कळ कामगारांची बायकामुले रत्नागिरीकडे किंवा घाटावर असत. चाळीतल्या सोबत्याने पत्र टाकायचे, गावात ते कोणी वाचून दाखवायचे, मग दीर किंवा बाप मुंबईस यायचा. आणि मूळ कायद्याप्रमाणे दाव्याची मुदत होती अवघी सहा महिने. एवढ्या अवधीत दुःख बाजूस ठेवून दाखले गोळा करणे हे काही हलके काम नव्हे. अशा वेळी खोलीतल्या गाववाल्याचा आधार वकिलाइतकाच मोलाचा ठरे.

कायदा पुढे सुधारत गेला. १९३३ साली ठरले की, कामगार दारू प्यालेला होता किंवा त्याने मुद्दाम नियम मोडला ही सबब मृत्यूच्या प्रकरणी चालणार नाही. बापाच्या दोषाची शिक्षा पोरांना नको. सहकाऱ्याच्या चुकीची जुनी ढाल १९३८ च्या कायद्याने मोडीत काढली. १९५४ च्या सुमारास मुंबई बंदरातल्या एका रात्रपाळीच्या पहारेकऱ्याचे प्रकरण उच्च न्यायालयापुढे आले. त्याला आधीच हृदयविकार होता. मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांनी तत्त्व सांगितले ते असे: रोगाने नैसर्गिकपणे मरण आले तर मालक जबाबदार नाही, पण कामाच्या श्रमाने त्या मरणाला हातभार लावला किंवा ते लवकर ओढवले, तर जबाबदारी येते. मालकाने कामगार घेतला तो त्याच्या दुखऱ्या काळजासह घेतला, असाच याचा अर्थ. १९४८ चा राज्य विमा कायदा मुंबईत १९५४ साली लागू झाला आणि विम्याखाली आलेल्या कामगारांच्या आश्रितांना एकरकमी पैशाऐवजी नियमित निवृत्तिवेतनासारखी रक्कम मिळू लागली. साडेचार वर्षांच्या मुलाचे उत्तर तेथे प्रथम सापडले.

१९२३ च्या कायद्याची जागा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. ती नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. रस्त्यावरच्या मोटार अपघातांसाठी वेगळी न्यायाधिकरणे आहेत. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी वयाप्रमाणे गुणक ठरवून दिले: सव्वीस ते तीस वर्षांचा माणूस गेला, तर त्याच्या मिळकतीतून स्वतःचा खर्च वजा करून उरलेल्या वार्षिक रकमेला सतराने गुणावयाचे. अडीच वर्षांवरून सतरा वर्षांवर हिशेब यायला पाऊणशेहून अधिक वर्षे लागली.

आणि बायकोचे काय? १८०८ साली बेकरला मिळालेले उत्तर आपल्याला आठवतच असेल. गिरणगावात कितीतरी बायका दहा-पंधरा गड्यांची खानावळ चालवीत. पहाटे उठून भाकऱ्या थापीत. ही कमाई गिरणीच्या कोणत्याही पगारपत्रकात नव्हती. घरातल्या बाईच्या कामाची सर्वोच्च न्यायालयाने ठोस किंमत केली ती २००१ साली. १९८९ मध्ये जमशेदपूरला एका समारंभात आग लागून अनेक स्त्रिया व मुले दगावली. त्या प्रकरणात गृहिणीच्या घरकामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले गेले. रकमेबद्दल वाद घालता येईल. पण भाकरी थापणे हे काम आहे, हे न्यायालयाच्या वहीत तेव्हा लिहिले गेले.

जिवाची किंमत पैशात होत नाही, असे आपण नेहमी म्हणतो, आणि ते खरे आहे. तथापि इतिहास सांगतो की, या वाक्याचा आधार घेऊन मोबदला टाळणारेही होते. किंमत होत नाही म्हणून काहीच द्यायचे नाही, हाच तर १८०८ चा न्याय. जोशींच्या पिढीने हिशेबाचा तोकडा तक्ता पत्करला. कारण तक्ता असला तर त्यातली चूक दाखवता येते, वाढवून मागता येते. दयेला असा तक्ता नसतो.

वरळीच्या जुन्या चाळी आता पाडल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी उंच इमारती उठत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांचे आम्ही अभिनंदन करतो. मात्र अशा इमारतींच्या परांच्यांवर चढणारे हात बहुधा परमुलखातले असतात, ठेकेदाराच्या ठेकेदाराने आणलेले असतात, आणि त्यांची बायकामुले आपल्या आजोबांच्या बायकामुलांसारखीच दूर गावी असतात. त्यांतला कोणी पडला, तर पत्र कोण टाकणार, मुदत कोण सांगणार, हे आज आपल्याला विचारावयाचे आहे. शंभर वर्षांपूर्वी तो सोबती खोलीतच असे. आज तो आपल्यापैकी कोणीतरी झाला पाहिजे.