श्टाटमिटे : एक नाव, दोन फलाट

मागच्या वेळी आपण बर्लिनच्या भिंतीपाशी थांबलो होतो. आज जरा जमिनीखाली जाऊ. श्टाटमिटे, म्हणजे शहराचा मध्यभाग, या नावाचं तिथे एक भुयारी स्टेशन आहे. खरं तर ती दोन स्टेशनं. एक फलाट १९०८ साली खासगी कंपनीनं बांधला. दुसरा, उत्तर-दक्षिण मार्गावरचा, १९२३ साली शहरानं स्वतः बांधला. दोन्ही फलाटांमध्ये दीडशे मीटरांहून लांब पादचारी बोगदा. बर्लिनकर त्याला 'उंदरांचा बोगदा' म्हणतात.

१३ ऑगस्ट १९६१. सीमा बंद झाली आणि हा बोगदाही. जुन्या फलाटावर पूर्व बर्लिनची गाडी रोजच्यासारखी थांबत राहिली. दुसऱ्या फलाटावरून मात्र पश्चिमेची गाडी जायची. पश्चिमेतून निघायची, पूर्वेच्या पोटातून जायची आणि पुन्हा पश्चिमेत निघायची. त्या मार्गावर पूर्वेत सहा स्टेशनं. गाडी थांबे फक्त फ्रीडरिशश्ट्रासंला. बाकी पाच ठिकाणी वेग कमी करून, मिणमिणत्या उजेडातून पुढे. लोक त्यांना भुतांची स्टेशनं म्हणू लागले. या वाटेसाठी पश्चिम बर्लिन पूर्वेला पैसे मोजत होतं. वैरही चाललं आणि व्यवहारही! पूर्वेच्या नकाशावर तो मार्ग नव्हताच. पश्चिमेच्या नकाशावर ती स्टेशनं होती, पण 'गाडी थांबत नाही' अशा खुणेसह.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून असेल कदाचित, पण आमची नजर अडते ती पहारेकऱ्यांवर. या बंद फलाटांवर त्यांना विटांच्या खोल्यांत बसवलेलं असे. बाहेर बघायला फक्त फट. का? प्रवासी उतरू नये म्हणून, हे उघडच आहे. पण पहारेकरीच गाडीत चढून पळाला तर? म्हणून पहाराही जोडीनं, एकानं दुसऱ्यावर लक्ष ठेवायचं. आता सांगा, त्या फटीच्या आत कोण होतं आणि बाहेर कोण? आपल्या शिपायावरही भरवसा नसलेली सत्ता नक्की कुणापासून कुणाचं रक्षण करत होती?

वरच्या रस्त्यावर चालणाऱ्याला पायाखाली गाडीची गडगड जाणवे. तिला थांबवायचं कुणाच्या हातात नव्हतं.

१ जुलै १९९० रोजी पश्चिमेची गाडी त्या फलाटावर पुन्हा थांबली. आज गाडी बदलायला लोक त्या लांब बोगद्यातून जातात, आणि अंतर फार आहे म्हणून कुरकुरतात.