दंताळ्यांचा बाजार

हिगुची इचियोची ‘ताकेकुराबे’ ही लघुकादंबरी इंग्रजी अनुवादातून वाचली, तेव्हापासून तिच्यातला बाजार एकदा पाहायचा असे मनात होते. तोक्योला जाण्याचा योग नोव्हेंबरात आला आणि तो पाहता आला.

‘तोरी नो इची’ म्हणजे कोंबड्याचा बाजार. जुन्या जपानी पंचांगात दिवसांनाही बारा प्राण्यांची नावे आहेत. कोंबड्याचा दिवस दर बारा दिवसांनी येतो, म्हणून नोव्हेंबरात हा बाजार कधी दोनदा, कधी तीनदा भरतो. असाकुसातल्या ओतोरी देवस्थानात मध्यरात्री ढोल वाजतो आणि पुढे चोवीस तास गर्दी हटत नाही.

मी संध्याकाळी गेले. कंदिलांच्या भिंतींखाली दुकाने लागली होती आणि जिकडे तिकडे बांबूची दंताळी होती. तळहाताएवढी होती, तशी दोन माणसांना उचलावी लागतील एवढीही. त्यांवर सोनेरी नाणी, तांदळाची पोती, लाल मासा, गुबगुबीत गालांच्या बाईचा हसरा मुखवटा. दंताळे पाचोळा ओढते, तसे ते वर्षभर धन ओढून आणील, ही श्रद्धा. दुकानदार आणि हॉटेलवाले गेल्या वर्षीचे दंताळे परत करतात आणि थोडे मोठे नवे घेतात. घासाघीस जोरात होते. गंमत अशी की सुटलेली रक्कम पुष्कळजण विक्रेत्यालाच बक्षीस म्हणून देऊन टाकतात. मग सगळे मिळून ठेक्यात टाळ्या वाजवतात.

या उत्सवाचे मूळ शेतकऱ्यांत आहे. एदो शहराबाहेरच्या हानामाता गावात लोक देवाला कोंबडे वाहत आणि शेतीची अवजारे विकत. दंताळे तिथे खरेखुरे अवजार होते. अळकुड्यांच्या जातीचा एक मोठा कंदही शुभ म्हणून विकला जाई. मिरमिरीत चवीची तांदळाची मिठाई आजही मिळते. तिच्यातला सान्शो आपल्या कोकणातल्या तिरफळाच्या कुळातला. खाताना जिभेला ओळख पटली.

पण गावातला बाजार मागे पडून असाकुसाचा एवढा वाढला, त्याचे एक कारण देवळाच्या पाठीमागे होते. १६५७ च्या मोठ्या आगीनंतर योशिवारा ही सरकारमान्य वेश्यावस्ती इथे हलवली गेली. भोवती खंदक, आणि येण्याजाण्याला एकच मोठा दरवाजा. आईबापांच्या कर्जापायी करारावर विकलेल्या मुली आत राहत. कोंबड्याच्या दिवशी मात्र वस्तीचे एरवी बंद असलेले दरवाजेही उघडत. ते त्यांना बाहेर सोडण्यासाठी नव्हे, देवदर्शनाला आलेली गर्दी आत घेण्यासाठी. ज्या वर्षी तीन बाजार येतात त्या वर्षी आगी फार लागतात, असा समज आहे. नवऱ्यांना घरी ठेवण्यासाठी बायकांनीच तो पसरवला, असेही सांगतात.

इचियो १८९३ मध्ये आई आणि बहिणीसह याच वस्तीलगत राहायला आली. किरकोळ सामानाचे आणि स्वस्त खाऊचे छोटे दुकान तिने काढले. ते दहाएक महिन्यांत बंद करावे लागले. दुकानात येणारी पोरे मात्र तिने लक्षात ठेवली. ‘ताकेकुराबे’तली मिदोरी चौदा वर्षांची आहे. तिची थोरली बहीण योशिवारात नावाजलेली गणिका. कोंबड्याच्या बाजाराच्या दिवशी मिदोरीचे केस मोठ्या बाईसारखे बांधले जातात, आणि त्या दिवसापासून ती मुलांत खेळायला येत नाही. का, ते इचियो लिहीत नाही. १८९६ च्या नोव्हेंबरात, वयाच्या चोविसाव्या वर्षी ती क्षयाने गेली.

मी सर्वांत लहानांपैकी एक दंताळे घेतले. पाच हजार येनची नोट पुढे केली, तेव्हा लक्षात आले की नोटेवर इचियोच आहे. २००४ मध्ये काढलेली ही नोट. उधारीवर दिवस काढलेल्या बाईचे चित्र हाती धरून मी लक्ष्मीची सोय करत होते. विक्रेत्याने ती पेटीत टाकली आणि मोड मोजून दिली.

दुसऱ्या दिवशी पायी जोकान्-जी या बौद्ध मंदिरात गेले. १८५५ च्या भूकंपात मेलेल्या योशिवारातल्या बायकांची प्रेते इथे आणून टाकली गेली. त्यावरून लोक याला ‘फेकून देण्याचे मंदिर’ म्हणू लागले. पुढेही ज्यांना कोणी नव्हते त्या इथेच आल्या. सुमारे २५,००० जणींच्या अस्थी असाव्यात, असे सांगतात. योशिवारातला वेश्याव्यवसाय १९५८ मध्ये कायद्याने बंद झाला. स्मारकापुढे ताजी फुले होती. तिथे गर्दी नव्हती.

दंताळे माझ्या स्वयंपाकघरात आहे. रिवाजाप्रमाणे ते वर्षाने परत करायचे असते. मला ते जमलेले नाही, आणि मोठे घ्यावे असेही वाटलेले नाही. त्याचे दात आतल्या बाजूला वळलेले आहेत. चहा उकळेपर्यंत कधी कधी त्यांच्याकडे बघत राहते.