सहायक प्रशिक्षकांतील बदल आणि संघाची कामगिरी

मुख्य प्रशिक्षकाला कायम ठेवून फलंदाजी, बचाव, तंदुरुस्ती अशा एखाद्या विभागाचा मार्गदर्शक बदलणे, याला सहायक प्रशिक्षकांतील बदल म्हणतात. संघ वारंवार हरू लागला की हा उपाय अनेकदा योजला जातो. मात्र त्यानंतर दिसणारी सुधारणा त्या बदलामुळेच झाली, हे सिद्ध करणे कठीण असते.

पार्श्वभूमी
पराभवानंतर सर्व खेळाडू किंवा मुख्य प्रशिक्षक बदलणे व्यवस्थापनाला अवघड व खर्चिक ठरते. त्यामुळे जबाबदारी सहायकावर येते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम गॅमसन व नॉर्मन स्कॉच यांनी १९६४ मध्ये बेसबॉल संघांच्या संदर्भात असे मत मांडले की, व्यवस्थापक बदलणे हा बहुतांशी बळीचा बकरा शोधण्याचा विधी असतो. हे विवेचन संघप्रमुखांविषयीचे असले, तरी सहायकांच्या बाबतीतही ते विचारात घेण्याजोगे आहे.

संशोधन
अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल संघांना मोठा प्रेक्षकवर्ग लाभतो आणि आक्रमण व बचाव यांसाठी तेथे स्वतंत्र सहायक असतात. अ‍ॅडलर, बेरी व डोहर्टी यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील मुख्य प्रशिक्षकांच्या बदलांची तपासणी केली. अत्यंत कमकुवत संघांना बदलाचा फारसा लाभ झाला नाही आणि मध्यम संघांची कामगिरी उलट खालावली, असा त्यांचा निष्कर्ष होता. तुलनेसाठी त्यांनी तशीच कामगिरी असलेले, पण प्रशिक्षक न बदललेले संघ घेतले होते. अशी तुलना आवश्यक असते, कारण विशेष वाईट हंगामानंतरचा हंगाम सहसा आपोआपच थोडा बरा जातो. संख्याशास्त्रात यास सरासरीकडे परतण्याची प्रवृत्ती म्हणतात.

भारतीय क्रिकेटमधील उदाहरण
बीड येथे जन्मलेले संजय बांगर २०१४ पासून भारतीय क्रिकेट संघाच्या प्रशिक्षकवर्गात होते. जुलै २०१९ मध्ये विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात भारत न्यूझीलंडकडून १८ धावांनी हरला. ऑगस्टमध्ये फलंदाजी प्रशिक्षक म्हणून बांगर यांच्या जागी विक्रम राठोड आले. मुख्य प्रशिक्षक रवी शास्त्री, गोलंदाजी प्रशिक्षक भरत अरुण व क्षेत्ररक्षण प्रशिक्षक आर. श्रीधर मात्र कायम राहिले. हे तिघे कायम राहिल्यामुळे हे उदाहरण तुलनेस सोयीचे आहे. बांगर यांच्या काळात भारताने २०१८-१९ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रथमच कसोटी मालिका जिंकली, ती २-१ अशी. राठोड यांच्या काळात २०२०-२१ मध्येही तेथे २-१ असाच विजय मिळाला. परंतु त्याआधी २०२० मध्ये न्यूझीलंडमध्ये भारत ०-२ असा हरला होता. शिवाय पहिल्या विजयाच्या वेळी यजमान संघात स्मिथ व वॉर्नर नव्हते, तर दुसऱ्या मालिकेत विराट कोहली पहिल्या कसोटीनंतर मायदेशी परतले होते. म्हणून या निकालांचे श्रेय किंवा दोष एकट्या फलंदाजी प्रशिक्षकाला देता येत नाही.

धाराशिव जिल्हा
बीडला लागून असलेला धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा खो-खोसाठी ओळखला जातो. येथील सारिका काळे यांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खेळ सोडण्याच्या विचारात असताना प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातल्यावर त्या मैदानावर परतल्या. खेळाडू व मार्गदर्शक यांचा दीर्घ सहवास किती मोलाचा असतो, हे त्यातून दिसते. अर्थात एका उदाहरणावरून नियम ठरत नाही.

मूल्यमापन
महाविद्यालयीन संघात खेळाडू तीन-चार वर्षांत बदलतात. त्यामुळे प्रशिक्षकाचा परिणाम वेगळा काढणे अधिकच अवघड होते. दोष नेमका सहायकाच्या विभागात असेल आणि येणारी व्यक्ती अधिक जाणकार असेल, तर बदल उपयुक्त ठरू शकतो. सरावाच्या सोयी, दुखापती किंवा निवडीतील त्रुटी यांमुळे होणारे पराभव मात्र केवळ माणूस बदलून टळत नाहीत. म्हणून एका स्पर्धेच्या निकालाऐवजी संबंधित विभागातील दोन-तीन हंगामांच्या नोंदी तपासणे अधिक विश्वसनीय ठरते.